मधल्या घराचा हिशोब

एखाद्या तालुक्यातली सगळी घरं उत्पन्नाच्या क्रमानं ओळीत उभी केली, तर बरोबर मधल्या घरात वर्षाला किती पैसे येतात? आणि दहा वर्षांपूर्वी किती येत होते? अमेरिकेत प्रत्येक काउंटीसाठी, म्हणजे ढोबळमानानं आपल्या जिल्ह्यासारख्या प्रशासकीय तुकड्यासाठी, तिथलं जनगणना खातं हा आकडा दर वर्षी जाहीर करतं. आपल्याकडे अर्थ व सांख्यिकी संचालनालय नाशिक जिल्ह्याचं दरडोई उत्पन्न काढतं, पण ते जिल्ह्यातल्या एकूण उत्पन्नाला डोक्यांनी भागून. घराच्या उंबऱ्यापर्यंत तो आकडा येत नाही. मी महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवतो. निफाड, सिन्नर, येवला, पेठ, सुरगाणा अशा तालुक्यांत मुलांना घेऊन प्रश्नावल्या भरत बरीच वर्षं हिंडलो आहे. त्यातून जे कळलं ते क्रमांक घालून लिहितो. क्रमांक घातले की विषय आटोक्यात आल्यासारखा वाटतो, एवढंच त्यांचं काम.

१. शेतकरी उत्पन्न लपवतो, असं शहरात सर्रास बोललं जातं. मला दिसलं ते असं की पुष्कळदा त्यानं ते मोजलेलंच नसतं. माझा पगार महिन्याच्या महिन्याला छापून येतो, वर्ष संपलं की फॉर्म १६ मिळतो. त्यामुळे ‘वार्षिक उत्पन्न’ नावाची वस्तू प्रत्येक घरात कपाटात ठेवलेली असते आणि आपण फक्त मागायची असते, अशी पगारदाराची समजूत. निफाडच्या कांदेवाल्याला विचारा. एकरी किती क्विंटल निघाला, चाळीत किती सडला, लासलगावला कोणत्या ट्रॅक्टरला काय भाव फुटला, सगळं तोंडपाठ. पण बारा महिन्यांची बेरीज? एक जण म्हणाले, “सर, बेरीज करून काय करू? उरलं असतं तर केली असती.” बाजार समितीत हाती पडते ती हिशोबपट्टी, हमाली-तोलाई वजा करून. तिथून घरी पोचेपर्यंत कृषी सेवा केंद्राची उधारी, ट्रॅक्टरचं भाडं, सोसायटीचं व्याज. शेतीच्या उत्पन्नावर प्राप्तिकर नाही, म्हणजे सरकारही ही बेरीज मागायला येत नाही. ती हवी असते एकट्या मला, आणि मी आलेला असतो दुपारी, वीज यायच्या वेळेला.

२. “उत्पन्न किती?” याचं उत्तर “कशासाठी?” यावर अवलंबून असतं. यात कुणाची लबाडी शोधण्यात अर्थ नाही. पिवळ्या शिधापत्रिकेला १५ हजारांची मर्यादा, केशरीला १ लाखाची, लाडकी बहीण योजनेला अडीच लाखांची, काही शैक्षणिक सवलतींना ८ लाखांची. सरकारनं पायऱ्या बांधल्या आणि माणसं त्या त्या पायरीच्या जरा खाली बसली. तहसील कचेरीतून निघालेल्या उत्पन्नाच्या दाखल्यांवरून कुणी तालुक्याचं मधलं उत्पन्न काढायला बसला, तर त्याच्या हाती तालुका लागणार नाही, शासन निर्णय लागतील. उलट मुलासाठी स्थळाची बोलणी सुरू झाली की त्याच घराची बाग एकरानं वाढते. एका ओट्यावर आजोबांनी मला फार मोकळेपणानं विचारलं, “तुम्हाला कमी लिहायचंय का जास्त?” पाहुण्याला चहा गोड हवा की फिका, त्याच आपुलकीनं.

३. सरासरी हा आकडा श्रीमंत शेजाऱ्याचा असतो. हे वर्गात शिकवून शिकवून गुळगुळीत झालेलं वाक्य दिंडोरीच्या रस्त्यावर एकदम खरं होतं. समजा एका वस्तीवर नऊ घरं आहेत. आठ घरांचं वर्षाचं उत्पन्न असं: ६० हजार, ८० हजार, ९० हजार, १ लाख, १ लाख २० हजार, दीड लाख, १ लाख ८० हजार, २ लाख २० हजार. नववं घर निर्यातीच्या द्राक्षांचं, तिथे ३० लाख. सरासरी निघते जवळजवळ साडेचार लाख, आणि वस्तीवर साडेचार लाखांचं घर एकही नाही. मधलं, म्हणजे पाचवं घर १ लाख २० हजारांचं. आता गारपीट झाली आणि द्राक्षवाल्याचे ३० लाखांचे ३ लाख झाले. सरासरी कोसळून दीड लाखाच्याही खाली येते. वर्तमानपत्र लिहितं, वस्ती उद्ध्वस्त. मधलं घर मात्र होतं तिथेच आहे, कारण ते चांगल्या वर्षीही तिथेच होतं. त्याच्याकडे ना बातमीदार जातो, ना पंचनामा करणारा तलाठी.

४. मग मी या मधल्या आकड्याच्या प्रेमात पडलो. शास्त्रात त्याला मध्यक म्हणतात. काही वर्षं मी भेटेल त्याला तो समजावून सांगत असे, घरच्यांनीही सोसलं. पुढे त्याचाही स्वभाव कळला. तो धीराचा आहे, पण बहिरा आहे. वरच्या उदाहरणातल्या ६० हजारांच्या घरात उद्या काहीच आलं नाही, चूल पेटली नाही, तरी मध्यक हलत नाही. आणि याहून विचित्र गोष्ट पेठ-सुरगाण्यात दिसते. तिथे पावसाळ्यात भात, नागली, वरई. ती घरात आली, दिवाळी झाली, की कुटुंबंच्या कुटुंबं खाली उतरतात, दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांवर किंवा नाशिकच्या बांधकामांवर. आमच्या महाविद्यालयीन पाहण्या निघतात नेमक्या तेव्हा, डिसेंबर-जानेवारीत, कारण परीक्षा आटोपलेल्या असतात. पाड्यावर पोचावं तर दाराला कुलूप. नियम सांगतो, घर बंद असेल तर शेजारचं घ्या. शेजारी त्या दिवसांत घरी कोण असतं? आश्रमशाळेतला शिक्षक, अंगणवाडी सेविका, निवृत्तिवेतन घेणारे कुणी. म्हणजे गावातली गरीब घरं पोटासाठी बाहेर पडली की कागदावर गाव श्रीमंत होतं. कुणाच्याही हातात एक रुपया जास्त न येता मधलं घर वर सरकतं. आणि ते बाहेर गेलेलं कुटुंब निफाडच्या बागेशेजारी ताडपत्रीखाली राहत असतं, तिथल्या यादीत तर त्याचं नाव नसतंच. दोन तालुके, दोन याद्या, आणि एक कुटुंब दोन्हींतून निसटलेलं. या जिल्ह्यात लोकसंख्येचा चौथा हिस्सा अनुसूचित जमातींचा आहे हे लक्षात घेतलं, तर ही तळटिपेत सारण्याजोगी गोष्ट नाही. मला विचाराल तर नाशिकच्या कोणत्याही आकड्याला पहिला प्रश्न हा करावा: तुम्ही कुठल्या महिन्यात गेला होतात?

५. घर म्हणजे भिंती नव्हेत, चूल. जनगणनेची व्याख्याही तीच, एका स्वयंपाकात जेवणारी माणसं. पण चुली फुटतात. बाप आणि दोन मुलगे मिळून चार लाखांचं एक घर होतं. धाकट्याचं लग्न झालं, दीड वर्षात चुली दोन झाल्या, आता दोन-दोन लाखांची दोन घरं. जमीन तीच, विहीर तीच, पाण्याची पाळी वाटून घेतलेली. मध्यक खाली आला आणि गरीब मात्र कुणी झालं नाही. कधी चूल नुसती कागदावर वेगळी होते, शिधापत्रिकेपुरती, आणि संध्याकाळी भाकरी एकाच तव्यावर. आमची मुलं विचारतात, “सर, काय लिहायचं?” मी म्हणतो, आत कुठे धूर निघतो ते बघा. आता घरोघरी गॅस आल्यामुळे हा सल्लाही निकामी झाला आहे.

६. एका वर्षाचं उत्पन्न या गोष्टीवरचा माझा विश्वास कांद्यानं उडवला. उन्हाळ कांदा मार्च-एप्रिलमध्ये निघतो, चाळीत भरतो, आणि भाव बघत बघत दिवाळीपर्यंत विकला जातो. खर्च एका वर्षाच्या खात्यात, पैसा पुढच्या. राष्ट्रीय नमुना पाहणीनं २०१९ साली शेतकरी कुटुंबांची पाहणी केली, तिचं शेतीवर्ष होतं जुलै २०१८ ते जून २०१९. याच हिवाळ्यात कांदा मातीमोल झाला. निफाडच्या एका शेतकऱ्यानं ७५० किलो कांद्याचे आलेले १०६४ रुपये पंतप्रधानांना मनीऑर्डरनं धाडले, ती बातमी आठवत असेल. आणि पाहणीचं वर्ष संपून तीन महिने होतात न होतात तोच भाव इतका चढला की सप्टेंबर २०१९ च्या अखेरीस केंद्रानं निर्यातच बंद केली. आता सांगा, त्या घराचं उत्पन्न कोणतं? मोजलं ते, की मोजायचं राहिलं ते? गहू-भाताच्या गावात एक वर्ष म्हणजे एक वर्ष असेलही. लासलगावच्या आसपास ते नाणेफेकीसारखं आहे. इथे तीन वर्षांचा मध्य काढल्याशिवाय बोलू नये असं माझं मत झालं आहे, आणि तीन वर्षं एकाच गावात टिकून राहणारा प्राध्यापक मिळणं कांद्याला भाव मिळण्याइतकंच अवघड.

माणसांच्या आठवणीत मात्र वर्षं फार पक्की असतात. ‘गारपिटीचं साल’ म्हटलं की २०१४. ‘नोटाबंदीचा हंगाम’ म्हटलं की २०१६ ची दिवाळी सरल्यानंतरचे दिवस. मी आताशा इसवी सन विचारतच नाही.

७. ओट्यावर बसलेला पुरुष उत्पन्न सांगतो, आणि आतून एक आवाज येतो, “अन् माझी मजुरी?” हा आवाज ऐकू यावा म्हणून मी हल्ली दाराजवळ बसतो. दुसऱ्याच्या शेतात उक्ती कांदालागवड, बागेत विरळणी, दुधाचे पैसे, कोंबड्या, बचत गटाचं व्याज. यातलं निम्मं पुरुषाच्या हिशोबात नसतं, कारण ते त्याच्या हातात येतच नाही. देशाच्या पातळीवरही हेच दिसतं. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या २०१२-१३ च्या फेरीत शेतकरी कुटुंबाचं महिन्याचं उत्पन्न सरासरी ६४२६ रुपये, त्यात पिकाचे ३०८१ आणि मजुरी-पगाराचे २०७१. २०१८-१९ मध्ये एकूण १०,२१८, त्यात मजुरी-पगाराचे ४०६३ आणि पिकाचे ३७९८. म्हणजे सहा वर्षांत शेतकरी कुटुंब पिकापेक्षा मजुरीवर जास्त जगू लागलं आणि आपण त्याला शेतकरी म्हणत राहिलो. आणखी एक. त्या १०,२१८ मध्ये घरच्या माणसांची स्वतःच्या शेतातली राबणूक खर्च म्हणून धरलेलीच नाही. ती धरली, घरचं बियाणं वगैरेही धरलं, की तोच आकडा ८३३७ वर येतो. १९८० साली शरद जोशींनी कांद्या-उसाचं आंदोलन नाशिक जिल्ह्यात उभं केलं तेव्हा शेतकऱ्यांना हेच गणित शिकवलं होतं: आपल्या श्रमाची किंमत खर्चात धरा, मग बघा काय उरतं. त्या आंदोलनात असलेली पिढी आता सत्तरीत आहे. प्रश्नावलीतल्या ‘घरचे मजूर’ या रकान्यापाशी ही मंडळी हमखास थांबतात. बाकीचे रकाने ते माझ्या समाधानासाठी भरतात.

८. उत्पन्न सापडत नाही म्हणून खर्च विचारणं, हा थकलेल्या शहाण्यांचा मार्ग आहे. पुण्याच्या गोखले संस्थेतून १९७१ मध्ये वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी देशातल्या दारिद्र्याचा अभ्यास मांडला तोही खर्चावरच. पन्नास-साठच्या दशकांत राष्ट्रीय नमुना पाहणीनं उत्पन्न विचारून पाहिलं होतं. आलेली रक्कम खर्च आणि बचत यांच्या बेरजेहून कमी भरली, आणि तो नाद सोडला गेला. खर्चाच्या आकड्यांचंही नशीब सरळ नाही. २०१७-१८ च्या पाहणीचा अहवाल सरकारनं रोखला, त्यामुळे २०११-१२ नंतर थेट २०२२-२३ चे आकडे मिळाले. ग्रामीण महाराष्ट्रात दर माणशी महिना ४०१० रुपये, पुन्हा सरासरीच. खर्चाची अडचण मला मुलीच्या लग्नाच्या घरी आणि दवाखान्याच्या घरी कळली. त्या वर्षी ती घरं कागदावर सगळ्यांत सधन असतात.

आता २०२६ साठी देशव्यापी कौटुंबिक उत्पन्न सर्वेक्षण जाहीर झालं आहे. त्याच्या पूर्वचाचणीत ९५ टक्के लोकांना हे प्रश्न नाजूक वाटले. उरलेल्या ५ टक्क्यांना मला भेटायचं आहे.

९. दोन सालांची तुलना करताना आधी व्याख्या बघावी, मग आकडा. नमुना पाहण्यांनुसार महाराष्ट्रातल्या शेतकरी कुटुंबाचं महिन्याचं सरासरी उत्पन्न २००३ मध्ये २४६३ रुपये, २०१२-१३ मध्ये ७३८६, २०१८-१९ मध्ये ११,४९२. भाषणात हे तीन आकडे एका दमात म्हटले की टाळ्या पडतात. पण २००३ ला ‘शेतकरी’ ठरवायला जमीन बाळगणं लागत होतं. २०१३ ला जमिनीची अट गेली आणि वर्षाला ३००० रुपयांहून अधिक शेतमाल काढणारा शेतकरी झाला. २०१९ ला ती रक्कम ४००० झाली. ओळीत उभी केलेली घरंच बदलली. रुपयाही तो राहिला नाही. महागाई वजा केली की ही चढण पुष्कळ सपाट होते. मी हे वर्गात सांगितलं तेव्हा एका विद्यार्थिनीनं विचारलं, “मग सर, वाढलं का नाही वाढलं?” तिचं घर देवळा तालुक्यात. तिला आकडेवारीवरची टीका नको होती, उत्तर हवं होतं. मी म्हणालो, वाढलं, पण सांगतात तेवढं नाही, आणि शेतीतून तर त्याहून कमी. इतकं पुरलं असतं. पण मी पुढे तास संपेपर्यंत बोलत राहिलो.

१०. काळाचा हिशोब करायचा तर तीच घरं धरून बसावं लागतं. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरल्ड मान यांनी १९१७ मध्ये पिंपळे सौदागर या गावाचा अभ्यास प्रसिद्ध केला. आज तिथे टॉवरांची रांग आहे. तेव्हा १०३ कुटुंबं होती. मान यांनी सरासरीचा खेळ न करता कुटुंबांचे गट पाडले: ८ कुटुंबं नुसत्या शेतीवर सुस्थितीत, २८ शेतीला बाहेरच्या कमाईची जोड देऊन सुस्थितीत, आणि ६७ अशी की दोन्ही मिळूनही पुरत नाही. ओळीतलं मधलं घर, म्हणजे बावन्नावं, त्या ६७ मध्ये पडतं. शंभराहून अधिक वर्षांपूर्वीच्या एका गावाबद्दल मी हे खात्रीनं सांगू शकतो, कारण कुणीतरी घरोघर बसलं होतं. पुढे १९७५ पासून इक्रिसॅट या संस्थेनं सोलापूरची शिरापूर आणि कळमण, अकोल्याची कानझरा आणि किनखेडा अशी गावं घेतली. प्रत्येक गावात ४० घरं, अन्वेषक गावातच मुक्कामाला, दर तीन-चार आठवड्यांनी त्याच दारात. वर्षाची बेरीज विचारायचीच नाही. गेल्या खेपेनंतर काय आलं, काय गेलं, एवढंच. बेरीज आपण करायची. माझ्या पहिल्या मुद्द्यावरचा इलाज पन्नास वर्षांपूर्वी सापडलेला होता, आणि मी तो वाचनालयात न शोधता ओट्याओट्यावर शोधत होतो.

नाशिक जिल्ह्यासाठी असं कुणी करावं, तर ते महाविद्यालयांनीच. दर हिवाळ्यात राष्ट्रीय सेवा योजनेची शिबिरं गावोगाव होतात, मुलं सात दिवस राहतात, रस्ता झाडतात, रोपं लावतात. प्रत्येक महाविद्यालयानं एक गाव आणि चाळीस घरं दत्तक घ्यावीत, दर वर्षी तीच. घराला कुलूप असेल तर ‘कुलूप’ असं लिहावं, शेजारचं घर घेऊ नये, आणि जमलं तर त्या कुटुंबाला दिंडोरीच्या बागेवर गाठावं. बाईशी वेगळं बोलावं. दहा वर्षं चिकाटी धरावी. मधल्या दोन-तीन वर्षांत कंटाळा येईल, प्राचार्य बदलतील, हे धरूनच चालावं. कुणाला मनावर घ्यायचं असेल तर प्रश्नावली माझ्याकडे तयार आहे. पूर्वी ती बावीस पानी होती. आता चार पानांची केली आहे, आणि त्यातलंही एक पान कोरं सोडलं आहे, घरातल्या माणसांना जे सांगायचं असेल त्यासाठी.